एक जूनचे गुणवंतराव

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणारी एक फॅक्टरी होती आणि तिच्या टाइम ऑफिसात गुणवंत थोरबोले एकवीस वर्षं बसून होते. खुर्ची चार वेळा बदलली, बसणारा बदलला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. काम काय, तर अडीचशे माणसांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि लेबर कार्डं फायलीत लावायची, आणि कुणाचं कार्ड कधी संपतंय ते तीन महिने आधी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायचं. सातवी पास माणसाला जमेल असं काम आपण बी.ए. होऊन करतो, हेही तेच सांगायचे. दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी आपणच म्हटलेलं बरं, असा त्यात हिशेब होता.

फळ्याची उजवी बाजू मात्र त्यांनी कुणाला न विचारता बळकावली होती. रोज सकाळी साडेसातला हिरव्या मार्करनं ते तिथे दिनविशेष लिहीत. आजच्या तारखेला कोणत्या साली काय घडलं, कोण जन्मलं, कोण खपलं. कामगार हजेरी लावायला रांगेत उभे असत, त्यांना वाचण्यावाचून गत्यंतर नसे. एकदा फॅक्टरीचा मोठा माल जहाजानं बहारीनला निघायचा होता, नेमका पंधरा एप्रिलला. गुणवंतरावांनी ठळक अक्षरांत लिहिलं की १९१२ साली याच दिवशी टायटॅनिक बुडालं. मॅनेजरसाहेबांनी स्वतः येऊन रुमालानं फळा पुसला. रुमाल हिरवा झाला म्हणून वर दोन शब्द ऐकवले ते वेगळेच.

ही सगळी विद्या एका जाडजूड वहीत होती. एका दिवसाला एक पान, अशी तीनशे सहासष्ट पानं. कॅलेंडरांच्या पाठी, जुनी वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची गाइडं, कुठून कुठून टिपून ती भरली होती. वाढदिवस कुणाचाही असो, गुणवंतराव त्याला गाठून त्याच्या तारखेची कुंडली मांडायचेच. अकाउंट्समधल्या संजयची जन्मतारीख अठ्ठावीस जुलै. त्याचे होणारे सासरे अजमानला गुणवंतरावांच्या घरी चहाला आले, तेव्हा यांनी कौतुकानं सांगितलं की पहिलं महायुद्ध सुरू झालं ते याच दिवशी. तरीही लग्न झालं, यात मुलीकडच्यांचा मोठेपणा.

आता अशा माणसाची स्वतःची तारीख साधीसुधी कशी असेल? पासपोर्टावर होती एक जून १९४१. आणि एक जूनचा काय थाट वर्णावा! दख्खनची राणी पहिल्यांदा धावली ती एक जूनला. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती एक जूनला. उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव सापडला तोही एक जूनला. गुणवंतराव ही यादी दर वर्षी नव्या उत्साहानं वाचत आणि शेवटी म्हणत, “आणि आम्हीही आलो.” चाळीस दिरहमचा केक, म्हणजे पाचशे रुपयांचा, असं मोठ्यानं सांगून कापत. वीस वर्षं हाच खेळ चालला होता.

खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या शाळेत पहिलीला एकोणतीस पोरं होती आणि मास्तरांच्या रजिस्टराप्रमाणे ती सगळीच्या सगळी एक जूनला जन्मली होती. आपल्याकडे त्या पिढीत हे घरोघरी आहे. शाळा जूनमध्ये उघडते, आईबापाला तारीख ठाऊक नसते, मास्तर एक जून ठोकून देतो आणि पोराचं कल्याण होतं. अजमानच्या मराठी मंडळातच एक जूनवाले चारजण होते. चौघं मिळून एकाच सुरीला हात लावायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

२००१च्या मार्चमध्ये गुणवंतराव फळ्याच्या डाव्या बाजूला जूनमध्ये संपणाऱ्या कार्डांची यादी लिहीत होते. सहा नावं झाली. सातवी फाइल उघडली तर आत त्यांचाच फोटो, मिशा काळ्या असतानाचा. कार्ड जूनमध्ये संपणार आणि एक जूनला साठ पुरी. साठी झाली की कार्ड आपोआप पुढे सरकत नसे. मालकाचं खास पत्र लागे, वरून मंजुरी लागे, आणि कंपनीनं गेल्या दोन वर्षांत कुणासाठीही ते पत्र दिलं नव्हतं. साठीच्या तिघांना निरोप दिला गेला होता. तिन्ही निरोपसमारंभांत त्या दिवसाचं ऐतिहासिक महत्त्व सांगायला गुणवंतरावच उभे राहिले होते. त्यांनी सातवं नाव लिहिलं, अक्षर नेहमीपेक्षा जरा लहान आलं.

साठीला घरी जायचं यात वाईट काय, असं कुणीही विचारील. सांगलीला दोन खोल्यांचं घर होतं, फंडाचे पैसे होते. घोडं अडलं होतं ईशानीपाशी. लेक उशिरा झालेली, सतराची, अकरावी संपवून एप्रिलमध्ये बारावी सायन्सला बसणारी. बोर्डाची परीक्षा पुढच्या मार्चमध्ये. बापाचा व्हिसा गेला की आई आणि लेक, दोघींचाही जातो. बारावीच्या मध्यावर पोरीला उचलून दुसऱ्या देशात, दुसऱ्या बोर्डात टाकायचं, आणि तेही ज्या गावात ती दोन वर्षांनी एकदा पंधरा दिवस पाहुणी म्हणून जाते तिथे. तिला डॉक्टर व्हायचं होतं. थट्टा करण्यासारखी ही गोष्ट नव्हती आणि गुणवंतरावांना थट्टेशिवाय दुसरं काही येत नव्हतं, ही खरी पंचाईत.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी घरात सांगितलं. त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी गॅस बारीक केला. ईशानी आदळआपट करील, रडेल, अशी गुणवंतरावांची तयारी होती. ती नुसती म्हणाली, “इट्स ओके, बाबा.” आणि पुस्तक उचलून आत गेली. ते दोन शब्द गुणवंतरावांना फार लागले. तिनं भांडी फोडली असती तरी चाललं असतं, असं त्यांनी वासंतीबाईंना बोलून दाखवलं.

आणि मग, दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या, त्यांना एकदम उजाडलं. अरे, एक जून खोटीच आहे की! मास्तरांनी ठोकलेली! साधारण मास्तर पोराला शाळेत घ्यायचं म्हणून वय वाढवूनच लिहायचे, हे मंडळातल्या एक जूनवाल्यांकडून त्यांनी ऐकलं होतं. एकाचं तर चक्क सव्वा वर्ष वाढवलं होतं. आपण अंगानं लहानखुरे, आपलंही तसंच झालं असणार. एखादं वर्ष जरी वाढवलेलं निघालं तरी ईशानीची परीक्षा आरामात उरकते. वीस वर्षं मिरवलेला वाढदिवस त्यांनी नॅशनल पेंट्सच्या सिग्नलला उभ्या उभ्या टाकून दिला, आणि सिग्नल सुटेपर्यंत त्यांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

फॅक्टरीत मात्र त्यांची गत लांडगा आला म्हणणाऱ्या पोरासारखी झाली. कंपनीचा पीआरओ मोहिद्दीन, हैदराबादचा, सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा. त्याला गुणवंतरावांनी बाजूला घेऊन सांगितलं की आपली जन्मतारीख मुळात एक जून नाहीच. मोहिद्दीन हसता हसता खाली बसला. म्हणाला, चाचा, बीस साल से तुम्हारा केक खा रहा हूँ, अब वो भी नकली? संजयनं तर रेल्वेलाही कळवायला पाहिजे म्हणून सुचवलं. गुणवंतरावांनी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण बोलणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. हसून झाल्यावर मोहिद्दीननं कामाचं सांगितलं. गावच्या जन्मनोंदीचा पक्का कागद आण, मग कॉन्सुलेटमध्ये पासपोर्ट दुरुस्त करायला अर्ज टाकू.

गावात आता एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण प्रमिला अक्का. तिला फोन केला. तारीख तिला आठवेना. तुझ्या वेळी घरात शेंगा फोडायचं काम चाललं होतं, एवढंच ती सांगू शकली, आणि शेंगा तर त्या घरात बारा महिने फोडल्या जात. पण तिनं मुलाला तहसीलच्या कचेरीत पाठवायचं कबूल केलं. जुनी दप्तरं मोडीत, वाचणारा माणूस आठवड्यातून एकदा येणारा, असं करत करत महिना गेला. तेवढ्यात एप्रिलमध्ये ईशानीची बारावी सुरू झाली. नवी पुस्तकं आली, तिनं ती घेतली, पण दर वर्षीसारखी कव्हरं घातली नाहीत. गुणवंतरावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. फॅक्टरीच्या पत्त्यावर मागवलं होतं, घरी उगाच कुणाची आशा वाढायला नको म्हणून. वर मोडीची झेरॉक्स, खाली देवनागरी नक्कल, शिक्का, सही. दौलू थोरबोले यांस मुलगा. अकरा जुलै, १९३९.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. कागद पुन्हा वाचला. एकोणचाळीसच होतं. मास्तरांनी वय वाढवलं नव्हतं, जवळजवळ दोन वर्षं कापलं होतं. हा दुसराच कुणी मुलगा असेल, आपल्या आधी होऊन गेलेला, अशा शेवटच्या आशेनं त्यांनी तिथूनच अक्काला फोन लावला. अक्का म्हणाली, माझ्या पाठीवर तू एकटाच रे. मग तिला आठवलं. ढोरं राखायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तुला दोन वर्षं उशिरा शाळेत घातलं, आणि मास्तर म्हणाले होते, वय कमी लावून देतो, पुढे पोराला नोकरीत बरं पडेल. तर मास्तरांनी दूरचं पाहिलं होतं. बरं पडलं होतं. मास्तरांचे ते दोन वर्षांचे उपकार भोगून संपल्यावर गुणवंतराव त्यांच्याच चुका शोधायला निघाले होते.

सवयीनं त्यांनी वही काढली आणि अकरा जुलैचं पान उघडलं. दोनच नोंदी होत्या. एक, जागतिक लोकसंख्या दिन. दोन, १९७९, स्कायलॅब कोसळलं. स्कायलॅब त्यांना चांगलंच आठवत होतं. नवं लग्न, सांगलीतली भाड्याची खोली, आणि आभाळातून अमेरिकेचं यंत्र डोक्यावर पडणार म्हणून अख्खं गाव धास्तावलेलं. गुणवंतराव रजा काढून दिवसभर घरात बसले होते, आणि खिडकीपाशी जाऊ नका म्हणून बायकोला बजावत होते. त्या दिवशी आपल्याला चाळिशी लागली हे त्यांना बावीस वर्षांनी कळलं. दख्खनच्या राणीच्या दिमाखात आलेला माणूस शेवटी निघाला लोकसंख्येत भर घालणारा, तोही स्कायलॅबच्या मुहूर्तावर. ते एकटेच हसले. मग हसू थांबलं, कारण एकसष्ट पुरी होऊन बासष्टावं चालू असल्याचा सरकारी कागद हातात होता आणि ईशानीची परीक्षा जिथल्या तिथे होती.

मोहिद्दीननं कागद वाचला, घडी घातली आणि तो जाळून टाक म्हणाला. पासपोर्टावर साठ आहे तर साठच सांग, एक अक्षर जास्त बोलू नकोस. मी अरबाबची वेळ घेतो, पत्रासाठी हात जोडू. अरबाब म्हणजे फॅक्टरीचे मालक, सत्तरी ओलांडलेले, महिन्यातून दोनदा येणारे. सोबत अर्ज हवा होता, या माणसावाचून कंपनीचं का अडेल ते सांगणारा.

अर्ज टाइप करायला ऑफिसातली अजरा बसली. लखनौची पोरगी, उर्दूत गोड आणि इंग्रजीत कडक. गुणवंतरावांनी कामांची यादी सांगितली, तिनं टाइप केली आणि मान हलवली. तिचं म्हणणं असं पडलं की तुम्ही काय करता ते यात आहे, तुम्ही नसलात तर काय बिघडेल ते नाही. गुणवंतराव विचार करू लागले. कार्डांच्या तारखांची यादी संजयनं केव्हाच कॉम्प्युटरवर चढवली होती, ती न सांगता रोज आपोआप लाल व्हायची. फायली कुणीही लावू शकला असता. फळा पुसायला रुमाल पुरला असता. नेपोलियन कधी हरला, पहिलं विमान कधी उडालं, सगळं यांना पाठ. पण गुणवंत थोरबोले यांनी एकवीस वर्षांत काय केलं असं विचारल्यावर एक ओळ सुचेना. शेवटी त्यांनी सगळं खोडायला लावलं आणि दोनच वाक्यं सांगितली. माझ्यावाचून कंपनीचं काही अडणार नाही. माझ्या मुलीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. अजरानं मान वर करून पाहिलं, पण टाइप केलं.

अरबाब आले ते मेच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. त्यांची केबिन थंडगार, मधोमध खजूर आणि गाव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली. मोहिद्दीननं अर्ज अरबीत वाचून दाखवला. वाचताना पहिल्या वाक्यापाशी तो अडखळला, कारण हे वाक्य त्याला आधी दाखवलेलं नव्हतं. अरबाबांनी ऐकून घेतलं. त्यांना हिंदी येत असे, चाळीस वर्षं बाजारात उठबस केलेल्या माणसाला येते तशी. त्यांनी गुणवंतरावांकडे बघून सहज विचारलं, “तुम्हारा उमर कितना?”

साठ म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. पासपोर्टही तेच सांगत होता, मोहिद्दीनही डोळ्यांनी तेच सांगत होता, आणि त्या एका शब्दावर पोरीचं वर्ष टांगलेलं होतं. पण ज्या माणसानं वीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा दुरुस्त केल्या, कुणी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं साल चुकवलं तर जो जेवण टाकून उठला, त्याच्या तोंडातून समोर आलेला खोटा आकडा निघेना. शौर्य वगैरे काही नव्हतं हो. ती खोडच होती. “बासठवाँ चालू है,” गुणवंतराव म्हणाले. आणि मग तोंड उघडलंच आहे तर म्हणून मास्तर, एकोणतीस पोरं, ढोरं, अकरा जुलै, सगळं सांगून टाकलं. मोहिद्दीन खजुराच्या ताटलीकडे बघत राहिला.

 अरबाबांनी मोहिद्दीनला विचारलं की याचा अर्थ हा माणूस साठीनंतर दोन वर्षं इथे काम करतोच आहे? मोहिद्दीननं नाइलाजानं हो म्हटलं.

“दो साल ज्यादा काम किया,” अरबाब म्हणाले. “फॅक्टरी बंद हुआ? नहीं हुआ. एक साल और करेगा, फिर भी बंद नहीं होगा. बेटी पास होगा, फिर जाएगा. खलास.” आणि पत्रासाठी कोरा कागद मागवला. गुणवंतराव बाहेर आले. मोहिद्दीननं नुसता आपला हात त्यांच्या मानेवर एकदा जोरात ठेवला.

पत्र गेलं, पंधरा दिवसांत मंजुरी आली. पण पत्रावर सही झाली त्याच संध्याकाळी ते घरी सांगून मोकळे झाले. ईशानीनं आधी विश्वास ठेवला नाही, मग “आर यू शुअर? मार्चपर्यंत?” असं तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा हो ऐकल्यावर ती तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. दोन महिने साठवलेलं होतं सगळं. गुणवंतराव तिच्या शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि तिला हसवायला म्हणून केबिनमधली सगळी हकीकत रंगवून सांगितली. आपलं तोंड कसं आपल्याच मुळावर उठलं, मोहिद्दीनचा चेहरा कसा उतरला, आणि आपल्याला बासष्टावं चालू आहे हे गेले तीन आठवडे आपण घरापासून कसं लपवलं. ईशानी रडता रडता हसायला लागली.

वासंतीबाई ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

“म्हणजे माझी दोन वर्षं कमी झाली की हो तुमच्याबरोबरची,” त्या म्हणाल्या.

  गुणवंतराव उठले, बायकोच्या हातातली जुडी घेतली आणि तिच्या शेजारी उभं राहून कोथिंबीर निवडू लागले.